डेटाबेसचा पंचनामा

कामशेतहून पवनानगरकडे जाताना करुंज-बेडसे लागते. मागच्या डोंगरातले चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानले जाते. तिथल्या एका लेखात दात्याचे नाव आजही वाचता येते : नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक. भिंतींवरची चित्रे मात्र आता पाहायला मिळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी लेणी पाहायला येत. साहेबांना लेणे टापटीप दिसावे म्हणून स्थानिक अंमलदार 1861 पर्यंत तिथे रंगरंगोटी करवून घेत आणि त्या खटाटोपात जुन्या गिलाव्यावरच्या चित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले. चोर आला नव्हता. साहेब येणार होते.

लेखापरीक्षक येणार म्हटल्यावर एखाद्या पतपेढीतही असेच घडते. किर्दीतली शिल्लक आणि बँकेचे पासबुक यांत फरक दिसतो, पिग्मीच्या काही खात्यांत जमा कमी भरते आणि व्यवस्थापक सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो. तो घरबसल्या एनीडेस्कने आत शिरतो, दोन-चार नोंदी ‘दुरुस्त’ करतो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, जागा कमी पडते म्हणून जुने लॉग, म्हणजे कोणी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, उडवून देतो. संध्याकाळपर्यंत तेरीज जुळते. पैसे कोणी, कधी, कसे फिरवले हे सांगू शकणारा पुरावाही त्याच संध्याकाळी संपतो. पुढे सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी लागली, पोलीस आले, वकील आले, तरी त्यांच्या हाती उरतो तो रंगवलेला डेटाबेस.

मावळातल्या पतपेढ्या, दूध संस्था, लोणावळ्यातली हॉटेले, तळेगावातले दवाखाने, सगळ्यांचा हिशेब आज कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असतो. त्यातल्या गैरव्यवहाराचा न्यायवैद्यक तपास तज्ज्ञाने करायचा असतो हे खरे. पण तज्ज्ञ पोहोचेपर्यंतचे काही तास संस्थेच्याच हातात असतात आणि प्रकरण बहुतेक वेळा त्याच तासांत बिघडते. म्हणून त्या तासांची रीत आधीच ठरलेली, लिहिलेली आणि सर्वांसाठी एकच असली पाहिजे.

साध्या संगणकाच्या तपासाची अशी रीत बऱ्यापैकी रुळली आहे. हार्ड डिस्क काढायची, तिच्यावर काही लिहिले जाणार नाही अशा उपकरणातून तिची हुबेहूब प्रत घ्यायची, मूळ डिस्क सीलबंद करायची, प्रतीवर काम करायचे. मूळ आणि प्रत एकच आहेत हे दाखवायला ‘हॅश’ काढतात. हा फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार बदलतो. डिजिटल पुरावा कसा ओळखावा, गोळा करावा आणि जपावा यासाठी आयएसओ 27037 हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 पासून आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची 800-86 ही मार्गदर्शिका त्याहून जुनी, 2006 ची.

डेटाबेस या चौकटीत नीट बसत नाही. तो चालू असतो आणि भर दुपारी शाखा बंद करून डिस्क काढणे कोणत्याही पतपेढीला परवडत नाही. त्याची फाइल क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे आत्ता काढलेला हॅश दोन मिनिटांनी जुळणार नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा डेटाबेस स्वतःचा इतिहास वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या मुदतीपर्यंत ठेवतो. म्हणूनच या विषयावरचे सुरुवातीचे काम एकेका उत्पादनाभोवती फिरले. डेव्हिड लिचफिल्ड यांनी 2007 मध्ये ओरॅकलवर लेखमाला लिहिली, केव्ही फाउलर यांचे 2008 चे पुस्तक एसक्यूएल सर्व्हरवर होते. एकाची पद्धत दुसऱ्याला लागू पडेना. मलेशियातल्या तंत्रज्ञान विद्यापीठातले अराफत अल-धाक्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 च्या सुमारास हा पसारा एकत्र केला. एकाच कामाला प्रत्येक अभ्यासकाने वेगळे नाव दिले होते. ती नावे जुळवल्यावर टप्पे उरले चार : घटना आणि पुराव्याच्या जागा ओळखणे, पुरावा गोळा करणे, त्याचे विश्लेषण, आणि नोंद ठेवून तो मांडणे. पोलिसांच्या पंचनाम्याची ज्याला थोडीफार माहिती आहे त्याला यात नवल वाटणार नाही. डेटाबेससाठी या चार टप्प्यांत नेमके काय करायचे एवढेच ठरवायचे उरते.

पहिल्या टप्प्याला, म्हणजे पुराव्याच्या जागा ओळखण्याला, लोक फार कमी वेळ देतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे 78 कोटी रुपये निघाले, देशातून रुपे कार्डांनी आणखी सुमारे अडीच कोटी. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण फटका 94 कोटी 42 लाखांचा. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या ‘स्विच’कडे येते, स्विच मुख्य बँकिंग प्रणालीला शिल्लक विचारतो आणि मग होकार देतो. हल्लेखोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला आणि तोच परस्पर होकार देत राहिला. मुख्य प्रणालीला कोणी काही विचारलेच नाही.

आता कल्पना करावी की तपास करणारा फक्त मुख्य डेटाबेस उघडून बसला आहे. ग्राहकांच्या खात्यांत त्याला काहीही वावगे दिसणार नाही. पैसे गेल्याचा माग स्विचच्या लॉगमध्ये, व्हिसा आणि रुपेच्या हिशेबात, एटीएमच्या कॅमेऱ्यांत. ज्या डेटाबेसवर संशय आहे तो आणि त्याच व्यवहाराची नोंद ठेवणारी बाहेरची प्रत्येक जागा, अशी दोन्हींची यादी पहिल्याच पानावर झाली पाहिजे. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवले.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची गोष्ट याच्या उलट बाजूची. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांच्या रांगा लागल्या. फिर्यादीतल्या आरोपानुसार बांधकाम व्यवसायातल्या एचडीआयएल समूहाशी संबंधित 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट कर्जखाती दाखवली गेली. गंमत अशी की ही एकवीस हजार खाती बँकेच्या मुख्य प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती रिझर्व्ह बँकेला द्यायच्या कर्जयादीत घुसवली होती. म्हणजे डेटाबेस एक सांगत होता आणि त्यातून काढला असे भासवलेला अहवाल दुसरेच. दोन्ही शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहण्याचे काम कोणी वेळेवर केले असते, तर त्यासाठी कोणत्याही महागड्या साधनाची गरज नव्हती. लहान संस्थांनी हे दर तिमाहीला करावे : संचालक मंडळापुढे आलेली थकबाकीदारांची यादी आणि डेटाबेसमधून त्याच दिवशी, दुसऱ्या माणसाने, स्वतंत्रपणे काढलेली यादी.

तिसरे उदाहरण थोडक्यात. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून साडेसात हजारांहून अधिक अपात्र उमेदवारांना पात्र दाखवल्याचे पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पुढे आले. निकालाच्या डेटाबेसमधला आकडा खरा की खोटा हे त्या डेटाबेसला विचारून कळत नाही. त्याआधीची मूळ नोंद कुठेतरी शाबूत असावी लागते. पतपेढीत ती मूळ नोंद म्हणजे पिग्मी एजंटच्या मशीनमधली नोंद, पावतीची स्थळप्रत, खातेदाराचे पुस्तक. गैरव्यवहाराचा वास आला त्या दिवशीच हे कागद कपाटात कुलूपबंद झाले पाहिजेत. एजंटचे मशीनही जमा करून घ्यावे, पण चालू करून ‘बघू’ नये.

आता पहिला तास. संशय आल्यावर संस्थेने एका माणसाला, शक्यतो ज्याच्याकडे रोजचे डेटाबेसचे काम नाही अशाला, नोंदवही घेऊन बसवावे. दिनांक, वेळ, कोणी काय केले, कोणाला फोन केला, पडद्यावर काय दिसले, सगळे शाईने. संगणकात लिहू नये. तोच तर संशयित आहे. पडद्याचे फोटो काढताना संगणकाचे घड्याळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलचे घड्याळ एकाच चौकटीत यावे. दोन घड्याळांत सात मिनिटांचा फरक निघाला तर पुढे सगळा कालक्रम त्याने सुधारून घेता येतो. तो फरक नोंदवला नाही तर उलटतपासणीत वकील त्यावर अर्धा दिवस काढतो.

मग बाहेरचे दरवाजे बंद करावेत. दूरस्थ प्रवेशाची साधने, व्हेंडरचे लॉगिन, इंटरनेटची तार. पैसे अजूनही जात असतील तर नेटवर्कची तार काढावी, विजेचे बटण दाबू नये. बंद केलेल्या सर्व्हरच्या स्मृतीत त्या क्षणी कोण जोडलेले होते, कोणती आज्ञा चालू होती, हे सगळे पुसले जाते. सर्व्हर आभासी यंत्रावर असेल तर स्मृतीसकट स्नॅपशॉट घेता येतो आणि तो घ्यावाच. लोणावळ्यातल्या अनेक हॉटेलांसारखे बुकिंगचे सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर सर्व्हर हाताशी नसतो. तिथे कंपनीला लगेच लेखी कळवावे की अमुक तारखेपासूनचे लॉग आणि बॅकअप जतन करा, नेहमीच्या मुदतीने पुसू नका. फोनवर सांगितलेले नंतर कोणालाच आठवत नाही.

गोळा करण्याचा क्रम ‘जे आधी नाहीसे होईल ते आधी’ या नियमाने ठरतो. जोडलेली सत्रे आणि चालू आज्ञा सर्वांत आधी, मग फिरते लॉग, मग प्रत्यक्ष डेटा, शेवटी बॅकअप, कारण ते कुठे पळत नाहीत. इथे प्रत्येक उत्पादनाचा स्वभाव ठाऊक असणे फार उपयोगाचे ठरते.

एसक्यूएल सर्व्हर ‘डिफॉल्ट ट्रेस’ नावाची छोटी रोजनिशी आपोआप ठेवतो. कोणी टेबल उडवले, कोणाचे अधिकार वाढवले अशा गोष्टी तिच्यात सापडतात. पण तिच्या फाइली फक्त पाच, आणि सर्व्हर पुन्हा चालू झाला की नवी फाइल सुरू होते. व्हेंडरने पाच वेळा ‘रिस्टार्ट करून बघा’ म्हटले की रोजनिशी संपली. याच डेटाबेसची रिकव्हरी ‘सिंपल’ पद्धतीवर ठेवलेली असेल, आणि लहान कार्यालयांत ती अनेकदा तशीच असते, तर व्यवहाराचा लॉगही जागा मोकळी होईल तसा पुन्हा वापरला जातो. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि तीस दिवसांनी पुसला जातो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो मुद्दाम चालू करावा लागे, म्हणजे बहुतेक ठिकाणी नसतोच. पोस्टग्रेस बदललेल्या ओळीची जुनी प्रत लगेच टाकून देत नाही. पण ऑटोव्हॅक्यूम नावाची सफाई पार्श्वभूमीत चालते आणि मूळ मांडणीत टेबलातल्या साधारण वीस टक्के ओळी जुन्या झाल्या की ती सुरू होते. ओरॅकलमध्ये आर्काइव्हलॉग चालू नसेल तर रीडो लॉग फिरून फिरून स्वतःवरच लिहिला जातो.

जुन्या पतपेढ्यांत अजून फॉक्सप्रो भेटते. त्याला हसण्याचे कारण नाही. त्यात ‘डिलीट’ केलेली नोंद फक्त खूण लावून तशीच राहते. ‘पॅक’ ही आज्ञा दिली तरच ती खरोखर जाते. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुरावा टिकण्याची शक्यता नव्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त, अट एकच की कोणी महिनाअखेरीला सवयीने पॅक करू नये. मोबाइलमधल्या बहुतेक ॲपचा डेटाबेस एसक्यूलाइट असतो. त्याच्या फाइलशेजारी ‘वॅल’ नावाची दुसरी फाइल दिसली तर दोन्ही एकत्रच उचलाव्यात. ताजे बदल तिच्यातच असतात आणि मूळ फाइल नुसती उघडून बंद केली तरी ते बदल मुख्य फाइलमध्ये मिसळून शेजारची फाइल नाहीशी होऊ शकते.

चालू डेटाबेसच्या हॅशचा प्रश्न उरतोच. त्यावरचा मार्ग साधा आहे : हॅश चालू फाइलचा काढू नये, त्या क्षणी घेतलेल्या प्रतीचा काढावा आणि प्रत कशी घेतली ती आज्ञा अक्षरशः नोंदवहीत उतरवावी. प्रत दोन प्रकारची घ्यावी. एक तर्कसंगत, म्हणजे डेटाबेसनेच निर्यात करून दिलेली. ती वाचायला सोपी, पण पुसलेल्या ओळी तिच्यात येत नाहीत. दुसरी भौतिक, म्हणजे डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा. ती वाचायला अवघड, पण पुसलेले शोधायचे तर तिच्यातच. अनेकजण पहिली घेऊन समाधान मानतात. ते अर्धे काम आहे. हॅश एसएचए-256 ने काढावा, तो पंचनाम्यात लिहावा, दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रत सीलबंद, दुसरी कामासाठी. सीलबंद प्रत कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची साखळी मुद्देमालाच्या नोंदीसारखीच तारीखवार ठेवावी. त्यात सभासदांचे आधार क्रमांक आणि मोबाइल असतात, तेव्हा ती पेनड्राइव्हवर घालून कोणाच्या खिशातून फिरू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर मुळीच नाही.

विश्लेषण तज्ज्ञाचे काम, पण संस्थेने दोन सापळे ओळखून ठेवावेत, कारण त्यांत निरपराध माणूस अडकतो.

पहिला सापळा क्रमांकांचा. पावती क्रमांक 4,312 नंतर एकदम 5,312 दिसला की ‘मधल्या हजार पावत्या खाल्ल्या’ असा गवगवा होतो. एसक्यूएल सर्व्हर 2012 पासून पुढचे हजार क्रमांक आधीच राखून ठेवतो. वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडला की राखलेले क्रमांक वाया जातात आणि मालिका हजाराने उडी मारते. मावळात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. अर्धवट रद्द झालेल्या व्यवहारानेही क्रमांक गळतो. तेव्हा गळालेला क्रमांक हा प्रश्न आहे, उत्तर नव्हे. सर्व्हर बंद पडल्याची वेळ, महावितरणकडची वीज गेल्याची नोंद आणि पावत्यांच्या स्थळप्रती पाहिल्याशिवाय कोणाचे नाव घेऊ नये.

दुसरा सापळा वेळेचा आणि लॉगिनचा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळ ठेवतात, आपल्या साडेपाच तास मागे. लॉगमध्ये सकाळी साडेपाचची नोंद दिसते आणि पहाटे कोणीतरी चोरून आत शिरल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात ते सकाळचे अकरा असतात, शाखा गजबजलेली असते. त्यातून लॉगिन सगळ्यांचे एकच : ‘ॲडमिन’. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. अशा ठिकाणी डेटाबेस फक्त एवढेच सांगू शकतो की ‘ॲडमिनने केले’. मग हजेरीचे बायोमेट्रिक, शाखेतला कॅमेरा, कोणत्या संगणकाच्या पत्त्यावरून आज्ञा आली, हे सगळे एका वेळरेषेवर मांडावे लागते. तेही शक्य झाले नाही तर प्रामाणिक अहवालात ‘व्यक्ती निश्चित करता येत नाही’ असे लिहावे लागते. संचालकांना ते आवडत नाही. पण ज्या लिपिकाच्या नावाने ते लॉगिन उघडले होते, त्याच्या नोकरीचा आणि अब्रूचा प्रश्न असतो.

आता कायदा. इथे महाराष्ट्रातलेच एक प्रकरण देशभर मार्गदर्शक ठरले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले की उमेदवारी अर्ज वेळेनंतर स्वीकारला गेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा, सीडीवर. अशा प्रतीच्या खरेपणाबद्दल सोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निकाल दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात आणून मालकाने ते सिद्ध केले तर प्रमाणपत्र लागत नाही, आणि सर्व प्रयत्न करूनही ते मिळालेच नाही तर पक्षकाराला त्यासाठी शिक्षा होऊ नये, हेही त्याच निकालात आहे. पतपेढीचा सर्व्हर उचलून कोर्टात नेणे सहसा शक्य नसते. तेव्हा प्रमाणपत्र हाच व्यवहार्य मार्ग.

त्या निकालाच्या वेळी हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग : पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायचा असतो आणि तो कोणत्या पद्धतीने काढला त्यावर खूण करायची असते. म्हणजे वर सांगितलेला हॅश ही तज्ज्ञांची हौस राहिलेली नाही. पहिल्या तासात तो काढला नसेल तर सहा महिन्यांनी हा रकाना भरताना हात थांबतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण कलम 105 मध्ये आहे, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम 176 मध्ये.

कळवायचे कोणाला? पैसे बाहेर जात असतील तर आधी 1930 हा राष्ट्रीय क्रमांक, कारण तिथून पुढच्या बँकेतली रक्कम गोठवता येते आणि त्यात मिनिटे मोजली जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, लॉग 180 दिवस ठेवायचे असतात आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. पोलीस ठाण्याबाबत मावळात हमखास गोंधळ होतो : कामशेत, वडगाव आणि लोणावळा पुणे ग्रामीणकडे, तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. पण हद्दीच्या कारणावरून तक्रार परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो.

हे सगळे वाचून एखाद्या सचिवाला वाटेल की आपल्या दोन खोल्यांच्या संस्थेला हे झेपणारे नाही. खर्चाचे यात फार थोडे आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे लॉगिन. लॉगची मुदत तीस दिवसांवरून किमान सहा महिने. लॉगची रोजची प्रत अशा जागी, जिथे डेटाबेस चालवणाऱ्याला ती पुसण्याचा अधिकार नाही. ही एक गोष्ट जमली तरी बाकीच्या निम्म्या चुका माफ होतात, कारण चोर पहिला हात लॉगवरच मारतो. व्हेंडरबरोबरच्या करारात एक ओळ : लेखी परवानगीशिवाय दूरस्थ प्रवेश नाही, आणि कोणतीही ‘दुरुस्ती’ थेट टेबलात नाही, उलट नोंद घालूनच. किर्दीत खाडाखोड चालत नाही, चुकीची नोंद उलट नोंदीने फिरवतात, हे जुने कारकून पाठ म्हणत. संगणक आल्यावर ते का विसरले गेले कोण जाणे. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून बदलांचा मागोवा बंद न करता येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. सहकारी संस्थेला हा नियम थेट लागू नसला तरी तेच सॉफ्टवेअर मागायला कोणी अडवलेले नाही.

आणि वर्षातून एकदा तालीम. एखाद्या शनिवारी शाखा बंद झाल्यावर चाचणीच्या प्रतीत एका कर्मचाऱ्याने गुपचूप तीन नोंदी बदलाव्यात आणि बाकीच्यांनी फक्त लॉगवरून त्या शोधून दाखवाव्यात. सापडल्या नाहीत तर खऱ्या प्रसंगीही सापडणार नाहीत, हे विनाखर्च कळते.

येत्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. दोन पानांची रीत मंजूर करावी, त्यात नोंदवही कोण धरणार, तार कोण काढणार, प्रत कोण घेणार आणि पोलिसांकडे कोण जाणार, त्यांची नावे लिहावीत. एक जण रजेवर असेल तर दुसरे नावही. कलम 63 च्या प्रमाणपत्राचा कोरा नमुना, नवी रिकामी हार्ड डिस्क, सीलची लाख आणि एक कोरी वही सर्व्हरच्या खोलीत कुलपात ठेवावी, आणि किल्ली कोणाकडे आहे ते दोघांना तरी ठाऊक असावे.